वॉरंटीच्या गाड्या कुणी घ्यायच्या

माझा नवरा गाड्या दुरुस्त करतो, हे वाक्य आमच्या पुण्याच्या नातेवाइकांना अजून नीट पचलेलं नाही. "म्हणजे ऑटोमोबाइल इंजिनियर ना?" असं ते आशेने विचारतात. नाही हो, टेक्निशियन. अंगात निळा ओव्हरऑल, हातात पाना, नखांत ग्रीस. बर्मिंगहॅममधल्या एका चकचकीत शोरूमच्या मागे वर्कशॉप आहे, तिथे तो आमच्या लग्नाआधीपासून काम करतोय. मी इथल्या एका हॉस्पिटलात फोनवर अपॉइंटमेंट देते. पण "ती हॉस्पिटलमध्ये आहे" असं सांगितलं की समोरच्याला भारदस्त वाटतं, त्यामुळे नातेवाइकांत माझीच चलती जास्त.

गाडीच्या बाबतीत हा माणूस म्हणजे कहर आहे. जेवायला बसलेला असतो, घास हातात असतो, बाहेरून कुणाची तरी गाडी जाते आणि याचे कान टवकारतात. "पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय." अरे बाबा, जाऊ दे ना, तुला काय करायचंय! पण नाही. मी आजारी असताना माझा खोकला याने इतकं लक्ष देऊन कधी ऐकला असेल तर शपथ. एकदा एका बाईंची गाडी आली. राउंडअबाउटवर, म्हणजे गोल चौकात, वळताना खडखडते, एरवी नाही, अशी तक्रार. आमचा हा दिवसभर त्या राउंडअबाउटभोवती गाडी फिरवत बसला. मारुतीला कुणी इतक्या प्रदक्षिणा घातल्या असत्या तर तो प्रसन्न होऊन समोर उभा राहिला असता. शेवटी डॅशबोर्डच्या मागची एक क्लिप सैल झालेली सापडली. घरी आला तो लॉटरी लागल्यासारखा चेहरा करून.

त्या क्लिपचे त्याला किती पैसे मिळाले? क्लिप बसवायला लागतो तेवढ्या वेळाचे. ती शोधायला गेलेला दिवस त्याच्या पदरचा, कारण गाडी वॉरंटीत होती.

ही वॉरंटीची भानगड आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. गाडी नवी असेपर्यंत काही बिघडलं तर दुरुस्तीचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, गाडी बनवणारी कंपनी देते. आणि कुठल्या कामाला किती वेळ लागायला पाहिजे, हे कंपनीने लांब कुठेतरी बसून आधीच ठरवलेलं असतं. तेवढ्याच वेळाचे पैसे वर्कशॉपला मिळतात आणि टेक्निशियनच्या नावावरही तेवढाच वेळ चढतो. पगार ठरलेला असतो खरा, पण बोनस सगळा या नावावर चढलेल्या वेळावर. तेच काम गिऱ्हाईक स्वतःच्या खिशातून करून घेत असेल तर वेळ सढळ हाताने लावतात. वॉरंटीत असेल तर तोच बोल्ट, तोच माणूस, आणि वेळाला मात्र कात्री. म्हणजे असं बघा, परदेशातल्या कुणा सासूबाईंनी पुरणपोळीला किती वेळ लागतो ते मोजलं. मोजताना पुरण वाटून तयार, कणीक तिंबलेली, ओटा पुसलेला. आणि आता तुमच्यापुढे कच्ची डाळ ठेवून म्हणतात, चला, करा तेवढ्यात. कंपनीने वेळ मोजला तो नव्याकोऱ्या गाडीवर. आमच्याकडे येते ती हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गंजून आलेली. बोल्ट आधी मनवावा लागतो, मग निघतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

त्यामुळे वर्कशॉपमध्ये वॉरंटीची गाडी कुणालाच नको असते. बाकीचे तोंड वाकडं करतात, कुणाची पाठ दुखते, कुणाला आधीचंच काम संपवायचं असतं. आमच्याकडे तोंड वाकडं करायची पद्धत नाही. मग काय, त्या सगळ्या गाड्या याच्याच गळ्यात. महिनाअखेरीला भिंतीवरच्या वेळांच्या तक्त्यात याचं नाव तळाशी. मी म्हणायचे, "अरे, मॅनेजरला सांग ना, सगळ्यांना वाटून दे म्हणून." तर हा म्हणायचा, "त्याला दिसत नाही का? त्याचं त्याला कळायला हवं." कळतंय! रडल्याशिवाय आई पाजत नाही, आणि हा तर वर्कशॉपचा मॅनेजर.

गेल्या वर्षी पानगळ सुरू झाली तेव्हा मॅनेजरने याला केबिनमध्ये बोलावलं. तुझे आकडे सारखे खाली येतायत, तुझं वयही झालंय, गुडघे दुखत असतील, तर आता पुढच्या डेस्कवर ये म्हणाला. सर्व्हिस ॲडव्हायझर. ब्लेझर घालायचा, गिऱ्हाइकाला कॉफी विचारायची, गाडीची किल्ली घ्यायची आणि आत दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यायची. ख्रिसमसच्या आधी सांग म्हणाला.

"मग तू काय म्हणालास?"

"बघू म्हणालो."

या माणसाचं 'बघू' मला पक्कं माहीत आहे. ते नाइलाजाचं 'हो' असतं. माझ्या बहिणीला वाटलं, प्रमोशनच झालं. "बरं झालं बाई, आता तरी ते ग्रीस सुटेल." तिला कसं सांगू? त्या दिवसापासून घासाच्या वेळी बाहेरून गाडी गेली तरी हा मान वर करेना. एकदा तर स्वयंपाकघराच्या खिडकीखाली एक गाडी खोकत खोकत गेली, मलासुद्धा कळलं काहीतरी बिघडलंय, आणि हा आपला आमटीत बघत बसला. मला रडूच यायचं बाकी होतं. डेस्कवर गेला असता तर हा माणूस वर्षभरात वाळून गेला असता, हे मी लिहून द्यायला तयार होते.

इथे आमची मुलगी मध्ये पडली. ती ब्रॅकनेलला एका कंपनीत नोकरी करते आणि शनिवार-रविवारी घरी येते ती कपडे धुवायला आणि आम्हाला सुधारायला. तिचा जन्म इथला. मराठी बोलते ती धडाक्यात, वाटेत लिंग-वचन आडवं आलं तर त्याला तुडवून पुढे जाते. "बाबा, हा टोटली अनफेअर गोष्ट आहे," ती म्हणाली, "अमेरिकेमध्ये काही ठिकाणी या गोष्टीचा कायदा आहे. वॉरंटीचा काम असला तरी टेक्निशियनला फुल टाइम द्यायला लागतो. आपण एमपीला लिहू या."

"कायदा?" नवरा असा दचकला की जणू याला कुणी पकडायलाच येणार आहे. "अगं, एवढ्याशा गोष्टीसाठी पार्लमेंट कशाला?"

पण तिने लिहिलंच. आणि आमच्या खासदारबाईंच्या ऑफिसातून उत्तरही आलं, शुक्रवारी दुपारी लायब्ररीत भेटा म्हणून.

मी नारळाच्या वड्या केल्या. मुलगी ओरडली, "आई, यू कान्ट ब्राइब ॲन एमपी!" म्हटलं, लाच कसली, रिकाम्या हाताने कुणाकडे जायचं नसतं. वड्या केल्या, डबा घेतला आणि आम्ही तिघं गेलो. खासदारबाई साध्या होत्या, गळ्यात मफलर, समोर वही. त्यांनी एक वडी खाल्ली, छान आहे म्हणाल्या. मी म्हटलं आणखी एक घ्या. "नो, थँक यू," म्हणाल्या. मी दुसरी त्यांच्या कागदावर ठेवली. त्यांनी वडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निमूटपणे खाल्ली. शहाणी बाई.

मुलीने सगळं समजावून सांगितलं. वेळ कोण ठरवतं, बोनस कसा कापला जातो, घाईत केलेलं ब्रेकचं काम कुणाला भोवेल, कायदा कसा हवा. खासदारबाई भराभर लिहून घेत होत्या. मग पेन थांबवून त्या नवऱ्याकडे वळल्या. या विषयात रस असलेले काही खासदार वेस्टमिन्स्टरला एकत्र बसणार आहेत, तिथे प्रत्यक्ष काम करणारा माणूस बोलला तर फार उपयोग होईल, तुम्ही याल का?

माझी छाती फुगली. माझा नवरा, पार्लमेंटात!

आणि हा हसून, दोन्ही हात हलवत म्हणाला, "नो, नो, मी कुठला? माझ्यापेक्षा चांगली बोलणारी माणसं असतील."

"ऑफ कोर्स," खासदारबाई म्हणाल्या. "अजिबात प्रेशर नाही." आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

झालं. बाहेर आल्यावर बसस्टॉपवर मी याला धरलं. "नाही कशाला म्हणालास?"

"अगं, असं एकदम हो म्हणतात का? हावरटासारखं? त्या परत विचारतील."

"कधी विचारतील?"

"विचारतील गं. दोनदा तरी विचारतातच."

इथेच घोडं पेंड खातं. आमच्या माणसाचा पहिला नकार म्हणजे नुसता दारावरचा पडदा, तो बाजूला सारून आत यायचं असतं. पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा अहो कशाला, तिसऱ्यांदा बरं, तुम्ही म्हणताच आहात तर. माझ्या सासरी चहासुद्धा तीनदा विचारल्याशिवाय कुणी प्यायलेला मला आठवत नाही. आणि हे लोक! नाही म्हटलं की नाही. त्यांच्या मते ते तुमचा मान ठेवतात. इतकी वर्षं या देशात काढली, पण ही गोष्ट याच्या हाडात काही शिरली नाही.

बाईंनी परत विचारलं नाही. याचं लक्ष मात्र फोनकडे. त्या वेस्टमिन्स्टरच्या बैठकीला दुसऱ्या गावचा एक टेक्निशियन जाऊन बोलला, असं आभाराच्या ईमेलमध्ये आलं. कायद्याचा विचार चालू आहे, पुढे कळवू, असंही होतं. म्हणजे घोंगडं भिजत पडलं. नवऱ्याने ईमेल वाचला आणि म्हणाला, "बरं झालं, तो माणूस चांगला बोलला असेल." मग बाहेर जाऊन स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडून उभा राहिला. त्या गाडीला काहीही झालेलं नव्हतं. मी खिडकीतून बघत होते आणि मला त्याचा इतका राग आला होता, आणि इतकी दयाही आली होती, की दोन्हीतलं आधी काय बाहेर पडेल याचा नेम नव्हता.

ख्रिसमस जवळ आला. एका संध्याकाळी हा म्हणाला, "मॅनेजरला जेवायला बोलावू या का?"

"आणि?"

"आणि काय? जेवून झालं की सांगतो, डेस्कवर येतो म्हणून. इतकी वर्षं एकत्र काम केलं. नुसतं केबिनमध्ये सांगणं बरं दिसत नाही."

म्हणजे ठरलं होतं तर. बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि आमच्याकडे भांडणातही हा पहिल्या तीन वेळा 'काही नाही' असंच म्हणतो. मी मुकाट्याने मटकी भिजत घातली.

शनिवारी मॅनेजर आला. दाराच्या चौकटीएवढा माणूस, इथलाच, तिखटाला भीत नाही असं आल्या आल्या सांगून टाकलं. इथल्या माणसांना बाल्टी नावाची इथली करी खाऊन खाऊन तसा फार आत्मविश्वास असतो. माझ्या उसळीने त्याच्या कपाळावर घाम आणला, पण गडी मागे हटला नाही. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, श्रीखंड, सगळं आवडीने खाल्लं. मग ताटावर हात आडवा धरला. "नो मोर, थँक यू, पोट भरलं."

मी त्या हाताच्या कडेने ताटात पुरी सरकवली.

त्याने ती खाल्ली. मी आणखी एक घेऊन आले. "नो, रिअली." ठेवली. त्याने तीही खाल्ली, हळूहळू. मी श्रीखंडाचा चमचा उचलला तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं, डॉक्टरने सुई बाहेर काढली की लहान पोर पाहतं तसं.

"मी एक विचारू का?" तो मुलीला म्हणाला, अगदी हळू आवाजात. "मी नाही म्हणतोय, आणि तुझी आई वाढतेच आहे. माझं काही चुकतंय का?"

मुलगी हसायला लागली. "तुमचं 'नाही' अजून कुणी मोजायलाच घेतलेलं नाही. आमच्या घरात पहिलं 'नाही' धरत नाहीत. दुसरंही धरत नाहीत. ते फक्त मॅनर्स असतात. समोरच्याने आग्रह करायचा असतो. न करणं म्हणजे रूड."

"म्हणजे पाहुण्याला खरंच हवं असतं?"

"बहुतेक वेळा. बाबाला तर नेहमीच."

मॅनेजरही हसला. मग त्याचं हसू मध्येच थांबलं. त्याने हातातली पुरी ताटात ठेवली आणि नवऱ्याकडे वळला. जेवणाचा रंग एकदम बदलला. मी चमचा हातात धरून तशीच उभी.

"मी रोज सकाळी तुला विचारतो," तो म्हणाला. "वॉरंटीची गाडी आली की तुला येऊन विचारतो. काही प्रॉब्लेम आहे का? घेशील ना? दुसऱ्या कुणाला देऊ का? आणि तू रोज म्हणतोस, नो, नो, नो प्रॉब्लेम."

नवरा ताटाकडे बघत होता.

"मला वाटलं, तुला आवडतात त्या," मॅनेजर म्हणाला. "मी सगळ्यांना सांगायचो, त्या त्याच्यासाठी ठेवा, त्याला अवघड कामं आवडतात."

अगं आई गं. म्हणजे रोज विचारत होता! आणि हा मला सांगत होता, त्याचं त्याला कळायला हवं! माझ्या ओठांवर इतकं काही आलं होतं की सांगता सोय नाही. पण मुलीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. म्हणून थांबले, नाहीतर त्या दिवशी श्रीखंड कुणाच्या वाटीत पडलं असतं देव जाणे.

"तुला चालत नव्हतं का ते?" मॅनेजरने विचारलं.

"नो, नो," नवऱ्याने सुरुवात केली. त्याची जीभ सवयीने त्याच वाटेने निघाली होती. मग तो थांबला. बाहेरून एक गाडी गेली, ती कशी वाजत होती ते मला सांगता येणार नाही, कारण मी फक्त याच्याकडे बघत होते.

"नव्हतं चालत," तो म्हणाला. "ॲक्चुअली, अजिबात नव्हतं."

आणि मग तो बोलला. गंजलेल्या बोल्टांबद्दल बोलला, त्या राउंडअबाउटबद्दल बोलला, तक्त्याच्या तळाशी स्वतःचं नाव बघून कसं वाटतं तेही बोलला. आवाज चढवला नाही, त्याला तो चढवता येतच नाही. हे सगळं त्या खासदारबाईंपुढे बोलला असता तर वेस्टमिन्स्टर गप्प बसलं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

मॅनेजरने सगळं ऐकून घेतलं. कंपनीने ठरवलेला वेळ बदलणं माझ्या हातात नाही, म्हणाला, त्याला कायदाच लागेल, आणि तुम्ही परत खासदारबाईंना लिहिणार असाल तर खाली माझीही सही घ्या. पण गाड्या वाटणं माझ्या हातात आहे. सोमवारपासून वॉरंटीच्या गाड्या सगळ्यांना सारख्या, ज्याची पाठ दुखते त्यालासुद्धा. मग पाणी पिऊन त्याने विचारलं, "आणि डेस्कचं काय?"

"नको," नवरा म्हणाला.

मॅनेजरने आधी माझ्या मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा याच्याकडे. माणूस लवकर शिकला होता. खुर्ची पुढे ओढून आग्रह करायला लागला. "बघ हं, ब्लेझर मिळेल. हीटिंग असतं तिथे. गुडघ्यांना आराम."

"नको."

"खरंच नको?"

"खरंच नको. मला गाड्यांवरच काम करायचंय. मला ते हवंय."

मी याच्याबरोबर संसार केला, मूल वाढवलं, दोन घरं बदलली. कुठला पडदा हवा, कुठल्या गावाला जायचं, भाजी कुठली करू, या सगळ्याला 'तुला हवं ते' एवढंच उत्तर मिळालं मला आजवर. या माणसाच्या तोंडून 'मला हवंय' मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेसुद्धा इंग्रजीत, मॅनेजरसमोर. मी पुऱ्या तळायच्या निमित्ताने आत गेले. कढईखालचा गॅस कधीच बंद केला होता. गॅसपाशी उभी राहून पदराने डोळे पुसावेत तर अंगात जीन्स होती, म्हणून पोळपाट पुसायच्या फडक्याने पुसले.